समई लावणारे हात

सिनेमाच्या पोस्टरवर ज्याचा चेहरा, खालचं धडही त्याचंच, असं समजणाऱ्या माणसांचं मला नवल वाटतं. नटांना पोस्टरसाठी वेळ नसतो. मग पोस्टर करणारे रिसेप्शनवरच्या मुलीला उभं करतात, इंटर्नला करतात, कुणीच नसेल तर स्वतः उभे राहतात, आणि फोटो काढून त्यावर नटाचं डोकं बसवतात. आमच्या धंद्यात याला कुणी फसवणूक म्हणत नाही. रोजचं काम आहे.

विनीता काकूंच्या डोक्याखाली माझ्या आईचे हात गेले ते असेच. त्यापुढे जो तमाशा झाला, त्याबद्दल दिगंबर काका अजूनही माझ्या माफीची वाट बघत असतील तर त्यांनी खुशाल बघावी.

मी जागृती गजभिये. सातवीपर्यंत नागपूरला शिकले, मग पप्पांना चँडलरच्या चिप फॅक्टरीत नोकरी लागली आणि आम्ही अॅरिझोनाच्या भट्टीत येऊन पडलो. माझ्या बरोबरीची सगळी मुलं कोडिंगला गेली, मी डिझाइन घेतलं. ओळखीचे काका लोक विचारायचे, "डिझाइन म्हणजे अॅप-बिपचं UX ना? चांगला स्कोप आहे." मी सांगायचे, नाही, सिनेमाची पोस्टर्स. मग ते पप्पांकडे असे बघायचे, जणू घरात कुणी आजारी आहे.

लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या स्टुडिओंची पोस्टर्स करणारी एक एजन्सी आहे. तिथल्या आर्ट डायरेक्टर बाईंनी माझं काम पाहिलं. सगळी पोस्टर्स मनाने रचलेल्या, कधीच न निघालेल्या सिनेमांची होती. बाई म्हणाल्या, हात चांगला आहे, पण हे सगळं घरातल्या घरात खेळलेलं आहे. खऱ्या थिएटरात लागलेलं एक पोस्टर घेऊन ये, त्यावर तुझं नाव छापलेलं असू दे. मोठ्या सिनेमांवर आपलं नाव येत नाही, तेव्हा एखादा छोटा सिनेमा गाठ. इथली ज्युनियरची जागा मी या वर्षाअखेरपर्यंत भरणार नाही.

मी एक पोस्टर मिळवण्यासाठी जीव टाकला असता. त्या भरात मी दिगंबर काकांच्या हाती सापडले.

दिगंबर काका कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला एका चिप कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट. त्यांनी हौसेखातर मराठी सिनेमा काढला होता, 'सनीव्हेलची समई'. गोष्ट अशी: नवऱ्याची नोकरी जाते, बायको रोज संध्याकाळी समई लावते, आणि शेवटी नवऱ्याला आधीपेक्षा मोठी नोकरी लागते. एवढ्या गोष्टीला अडीच तास. नायिका अर्थातच त्यांची पत्नी विनीता काकू. दिग्दर्शक अमेय, जो एरवी काकांच्याच हाताखाली इंजिनियर होता आणि काका बोलायच्या आधीच मान हलवायचा.

"आपल्याला पोस्टरवर संस्कार दिसले पाहिजेत," काका पहिल्याच व्हिडिओ कॉलवर म्हणाले. "एकदम classy. आपली संस्कृती, but global."

मी म्हटलं, फोटो पाठवा. तेव्हा कळलं की या मंडळींनी अख्खा सिनेमा शूट केला आणि सेटवर एकही फोटोग्राफर ठेवला नाही. फोटो होते, पण जेवणाचे. पुरणपोळीचा डबा सगळ्या बाजूंनी, मसालेभाताचं पातेलं, सगळ्या टीमचे सेल्फी. नायिकेचा धड एक फोटो नव्हता. शेवटी मी सिनेमातूनच काकूंचा चेहरा उचलला, खाली बघणारा, बरा होता. समई लावण्याचा प्रसंग मात्र पाठमोरा घेतलेला, हात कुठे दिसतच नव्हते.

मी काकूंना म्हटलं, एकदा हातांचे फोटो काढून द्या, कसे ते मी सांगते.

"अगं, माझे नेल्स बघ ना," त्यांनी कॅमेऱ्यासमोर लांबलचक गुलाबी नखं नाचवली. "आत्ताच केलेत. तूच काहीतरी मॅनेज कर."

"हात काय गं, कुणाचेही चालतील," काका हसले. "हात ओळखतो कोण?"

आमच्या घरात मी सोडून हात दोघांचे. पप्पांचे कामाचे नव्हते.

आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. रविवारी पप्पा शिफ्टवर गेले तेव्हा मी तिला गॅरेजमध्ये नेलं. काळी चादर टांगली, इंडियन ग्रोसरीतून आणलेली पितळी समई मांडली, तिला काठाची साडी नेसवली, हिरव्या बांगड्या घातल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. एसीचा आवाज आतल्या आत घुमत होता आणि गॅरेजपर्यंत गारवा मात्र येत नव्हता.

आईने समईकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरली.

"मी लावू?"

"फोटोसाठी आहे गं."

"फोटोसाठी असली तरी पेटवायची खरीखुरीच नं?"

आमच्याकडे देव नाहीत. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेब, त्यांच्यासमोर रोज मेणबत्ती. आईने जन्मात समई लावली नव्हती. वात कशी वळतात, तेल किती घालतात, हे आम्ही दोघींनी व्हिडिओ बघून केलं. ती बराच वेळ काडेपेटी हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "तुझं काम होईल नं याच्यानं?"

"होईल."

"मग काढ. पप्पांना सांगू नको."

पहिले फोटो भयंकर आले. बोटं ताठ, अंगठा कुठेतरी भलतीकडे, इंजेक्शन द्यायला निघाल्यासारखी. मी वैतागून म्हटलं, "आई, विसर ती समई. वंदनेला मेणबत्ती लावते तशी लाव." तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग उजव्या हाताने काडी धरली, डाव्या हाताचा आडोसा केला, आणि वात पेटल्यावरही तो आडोसा क्षणभर तसाच ठेवला. मी शटर दाबलं. तोच फोटो. तो आल्याबरोबर मला कळलं की पोस्टर झालं.

खरंच झालं. कॉम्प्युटरवर बसून मी काकूंचा चेहरा त्या उजेडात आणला, खांद्यापासून खाली आई, मागे सनीव्हेलच्या अपार्टमेंटची खिडकी. खाली नावांची पट्टी. तिच्यात सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत बारीक अक्षरांत: पोस्टर, जागृती गजभिये. मी ती ओळ मोठी करून किती वेळा पाहिली असेल.

काकांनी पोस्टर ऑनलाइन टाकलं आणि कौतुकाचा पूर आला. 'काय ते हात! हातांतच संस्कार दिसतात.' 'अशी माणसं आता राहिली नाहीत.' 'हे रक्तातच असावं लागतं.' एका पॉडकास्टवर कुणीतरी विनीता काकूंना त्या क्षणाबद्दल विचारलं. काकू म्हणाल्या, "मी तो moment आतून जगले. हातांना आपोआप कळत होतं." मी हे ऐकलं आणि हसून हसून पोट दुखलं. आईलाही ऐकवलं. ती हसली नाही. तिने पुन्हा एकदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आमच्या इथल्या, फिनिक्सच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोस्टर टाकलं आणि खाली लिहिलं, 'पोस्टर माझ्या मुलीने केले. यातले हात माझे आहेत.' पुढे एक हसरा चेहरा.

एवढंच. तिच्या नावापुढे फोटो बुद्धाचा, आणि नाव पूर्ण, राधा गजभिये. एकीने लगेच विचारलं, 'अय्या, हो? गजभिये म्हणजे नागपूरच्या का?' आईने बिचारीने लिहिलं, 'हो, इंदोरा.' म्हणजे नागपुरातली आमच्या लोकांची जुनी वस्ती. त्यानंतर ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. अर्ध्या तासाने कुणीतरी ढोकळ्याची रेसिपी टाकली. पण संध्याकाळपर्यंत तो मेसेज सनीव्हेलला पोचला होता आणि कुणा मित्राच्या बायकोकडून पप्पांच्या फोनवरही.

पप्पा शिफ्टवरून आले ते बूट न काढता स्वयंपाकघरात.

"हे काय आहे, राधा?"

"जागूच्या कामासाठी होतं," आई भाजी परतत म्हणाली.

"माझ्या आजीनं छप्पन साली घरातले देव परातीत घेतले आणि कन्हान नदीत सोडले. अंगावर धड लुगडं नव्हतं तिच्या. आणि तू इथं अमेरिकेत, गॅरेजमध्ये, समई लावून राहिली?"

"पप्पा, फोटो काढला. पूजा नाही केली," मी मध्ये पडले.

"पूजा संपून जाते. फोटो राहतो."

"माझ्या करिअरचा प्रश्न होता!"

"करिअर!" पप्पांचा आवाज चढला. "करिअरसाठी लोक काय काय करून राहिले ते मी रोज पाहतो. आपलीच पोरं आहेत माझ्या फॅक्टरीत, आडनाव अर्धं सांगतात. जयंतीला ये म्हटलं तर त्यांचं पोट दुखते. तू त्यांच्यातली होशील असं नव्हतं वाटलं मला."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, तेही ओरडले. आईने गॅस बंद केला आणि आमच्या दोघांच्या मधून पाणी प्यायला गेली.

दिगंबर काकांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. मी स्पीकरवर टाकला. आई डायनिंग टेबलापाशी बसून शेंगा निवडत होती, पप्पा सोफ्यावर पाठ करून.

"जागृती बेटा, एक छोटासा change आहे. हात बदलू या."

"का? तुम्ही फायनल केलं होतं."

"नाही, ते टेक्निकली जरा off वाटतायत. चेहऱ्याच्या मानाने वयस्कर वाटतात."

"काकू माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत."

मग काकांनी दुसरी गाडी काढली. "अगं, भाव. तो आतला भाव. बघ, तुमच्या घरात देव वगैरे नसतात, मग तो भाव येणार कुठून?"

"परवापर्यंत तर आला होता. लोक म्हणत होते रक्तातच असावा लागतो."

"तू मनाला लावून घेऊ नकोस. कम्युनिटीतल्या काही सीनियर लोकांना uncomfortable वाटतंय, बस. पवित्र गोष्ट आहे ना ती. मी स्वतः असलं काही मानतच नाही. माझ्या टीममध्ये तुमच्यातले दोघं आहेत, एकदम ब्राइट."

"आमच्यातले म्हणजे कुठले, काका? चँडलरचे?"

"हे बघ," आता आवाजातलं तूप आटलं. "तुला चान्स मी दिला. हात बदल, नाहीतर अमेय AI वर दुसरं पोस्टर करेल आणि तुझं नाव त्यावर नसेल. विचार कर."

फोन ठेवला. पप्पा सोफ्यावरूनच म्हणाले, "बदलून टाक. माझंही तेच म्हणणं आहे. आपले हात तिथं नकोच."

म्हणजे दिगंबर काका आणि माझा बाप, दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. मी म्हटलं, हात तिथेच राहतील. मी मरेन पण बदलणार नाही. त्या लोकांच्या समईपाशी माझ्या आईचे हात आहेत हे त्यांना रोज दिसलं पाहिजे. रोज त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या पाहिजेत.

"झालं तुमचं?" आई म्हणाली.

तिने शेंगांची ताटली बाजूला सारली. "तीन माणसं माझ्या हातांबद्दल भांडून राहिली. एक म्हणतो बाटले, एक म्हणतो बाटवले, एक म्हणते आता याच हातांनी त्यांना मारते. मला कोणी विचारलं का?"

पप्पांनी सोफ्यावरून मान वळवली.

"जागू, ते पोस्टर उघड. खाली नावं कोणाची असतात?"

मी लॅपटॉपवर उघडलं. ती चष्मा लावून बोटाने एकेक ओळ वाचत गेली. निर्माता, दिग्दर्शक, कॅमेरा, केटरर. ज्यांनी शूटिंगसाठी कुत्रा दिला होता ते. डोशाचं पीठ विकणारं दुकान. शेवटी मी.

"कुत्र्याच्या मालकाचं पण आहे," ती म्हणाली. "मग माझं टाक. हात, राधा गजभिये. मला तो फोटो आवडला. मी चांगली दिसते त्याच्यात, चेहरा नाही तरी. ती बाई रेडिओवर म्हणते माझे हात, ते मला नाही चालणार."

"राधा," पप्पा म्हणाले.

"तुम्हाला राग यायचा तर येऊ द्या. मी पंचशील म्हणतच लावली ती वात. मला माहीत आहे मी काय केलं ते."

मी काकांना लिहून कळवलं: हात राहतील, आणि आईचं नाव येईल. नसेल चालत तर अमेयला सांगा. त्यांचं उत्तर आलं नाही. पुढचे काही दिवस मी रोज सकाळी उठून त्यांनी दुसरं पोस्टर टाकलंय का ते बघत होते. लॉस एंजेलिसची जागा गेली असंच मी धरून चालले होते.

पण अमेयचं घोडं पेंड खात होतं. त्याने AI ला समई लावणारी मराठी स्त्री मागितली. पहिल्या चित्रात समईच्या जागी अत्तरदाणीसारखं काहीतरी आलं, दुसऱ्यात काकूंच्या कपाळावर तिसरा डोळा असावा तशी टिकली, तिसऱ्यात हात चांगले आले पण तीन. हे सगळं त्याने स्वतःच मला फोन करून सांगितलं, हळू आवाजात, आणि वर म्हणाला, "यार, तुझंच बेस्ट आहे. मी बोललो असं सांगू नको." थिएटर बुक झालं होतं, आमंत्रणं गेली होती, छापायची मोठी फाइल फक्त माझ्याकडे होती.

शेवटी काकांचाच फोन आला. मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. ते कामासाठी तैवानला निघाले होते.

"ठीक आहे, हात राहू दे. आणि राधा वहिनींचं नाव पण टाकू. मी काही तसा माणूस नाही."

मला खरंच वाटेना. मी थँक यू म्हणायला तोंड उघडलं.

"फक्त एक," काका म्हणाले. "नुसतं राधा टाक. छान वाटतं ते, आर्टिस्टिक. आणि तुझंही नुसतं जागृती. आडनावं कशाला? जग कुठे चाललंय! आपण आडनावांच्या पलीकडे जायला हवं, हो की नाही?"

इतक्या गोड आवाजात कुणी माझं नाव अर्धं कापलं नव्हतं.

"सगळ्यांना सारखं, काका?" मी विचारलं.

"हो हो, consistency. बोर्डिंग सुरू झालंय. मला दाखवत बसू नकोस, फाइल सरळ प्रिंटरला पाठव. मी थेट प्रीमियरलाच बघतो."

मी त्यांचा शब्द खाली पडू दिला नाही. नावांची पट्टी उघडली आणि एकेक आडनाव पुसत गेले. निर्माता, दिगंबर. नायिका, विनीता. दिग्दर्शक, अमेय. केटरर, कुत्र्याचे मालक, सगळे. प्रत्येक आडनावावर बटण दाबताना मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. शेवटी हात, राधा. पोस्टर, जागृती. फाइल प्रिंटरला गेली. आईला एवढंच सांगितलं की तुझं नाव आलंय.

ती हरखली. लॅबमधून सुट्टी घेतली, निळ्या रंगाची साडी इस्त्री करून घेतली. पप्पा म्हणाले, "मला त्या समईसमोर उभं करू नका," आणि विमानतळावर सोडताना गाडीतूनच हात हलवला.

सनीव्हेलच्या मल्टिप्लेक्सची लॉबी पैठण्या आणि जॅकेटांनी भरली होती. एका बाजूला चहा, वडे. मधोमध दिव्यांच्या झोतात माझं पोस्टर, माणसाच्या उंचीपेक्षा मोठं, जाड बोर्डावर लावलेलं. शेजारी टेबलावर काळे मार्कर ठेवले होते, पाहुण्यांनी पोस्टरवर शुभेच्छा लिहून सही करायची. मी लांबूनच बघत राहिले. खरं थिएटर, खरं पोस्टर, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. फोनवर फोटो काढून लॉस एंजेलिसच्या बाईंना पाठवायचा, हेच माझ्या डोक्यात.

दिगंबर काका तैवानहून सकाळीच उतरले होते. ते हार घालून पोस्टरपाशी गेले, मित्रांना काहीतरी दाखवायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

"जागृती!"

सगळी लॉबी वळली.

"माझं आडनाव कुठंय?"

"पलीकडे गेलंय, काका," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणालात. सगळ्यांना सारखं."

"मी तुमच्याबद्दल बोलत होतो!" ते एवढ्या जोरात ओरडले की वडे खाणारे थांबले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, निर्माता दिगंबर? लोकांना कसं कळणार मी कोण? कुठला दिगंबर?"

"आणि मी?" विनीता काकू पुढे आल्या. गुलाबी नखं पट्टीवर आपटत म्हणाल्या, "नायिका, विनीता! कामवाल्या बाईसारखं वाटतंय. मला रडू येतंय."

मी हात बांधून उभी होते. गेले कित्येक आठवडे ज्या क्षणासाठी जगले तो हाच होता. तोंडात आणखी दहा उत्तरं तयार होती, एकाहून एक धारदार. अमेय कोपऱ्यात मान खाली घालून हसत होता, तेही मी पाहिलं. आणि मग मला पोस्टरच्या दुसऱ्या टोकाला आई दिसली.

ती चष्मा लावून वाकली होती. बोट पट्टीवरून सरकत होतं, घरी लॅपटॉपवर सरकलं होतं तसंच, ओळीमागून ओळ. केटरर. कुत्र्याचे मालक. बोट थांबलं. तिने ते शब्दाच्या पुढे सरकवलं, तिथे काहीच नव्हतं, मग पुन्हा मागे आणलं.

"जागू," ती म्हणाली. "गजभिये कुठंय?"

"आई, त्यांना धडा शिकवायला," मी सुरुवात केली, "त्यांची काढायची तर आपलीही..." आणि माझं मलाच ते ऐकवेना. काकांनी आमची आडनावं काढायला सांगितली होती. काढली होती मीच.

"मी धडा नव्हता मागितला," आई म्हणाली. रागावून नाही, लॅबमध्ये पेशंटला सांगते तशी.

दिगंबर काका मध्ये आले, "वहिनी, तुम्हीच बघा हिने काय करून ठेवलंय..." आईने त्यांना हाताने बाजूला व्हायला सांगितलं, जसं रांगेत पुढे घुसणाऱ्याला सांगतात, आणि ते झालेही. तिने टेबलावरचा मार्कर उचलला, टोपी काढली. लॉबीत सगळे बघत होते. विनीता काकूंच्या चेहऱ्याखाली, समईच्या उजेडाखाली, राधा या छापील अक्षरांपुढे तिने हाताने लिहिलं: गजभिये. अक्षर मोठं आलं, ओळीत बसलं नाही, खालच्या ओळीवर चढलं. तिने ते एकदा वाचून पाहिलं.

खाली शेवटी माझं नाव होतं, जागृती, पुढे मोकळी जागा. मला वाटलं आता ती तेही पुरं करेल. मी थोडी पुढेही झाले.

आईने मार्कर माझ्यापुढे धरला.

"तुझं तू लिही," ती म्हणाली.